फाटकापर्यंतची फरशी

बातमी आली तेव्हा मी चाळीसगावला माझ्या दुकानात एका नवरीच्या ब्लाऊजच्या बाह्या उसवत बसले होते. फोन वृषालीचा, म्हणजे माझ्या भाचीचा. "मावशी, आबा गेले," एवढंच म्हणाली. मी उलट तिलाच रागावले. म्हटलं, काहीतरीच बोलू नकोस, परवा तर माझ्याशी फोनवर भांडले ते! जणू माझ्याशी भांडलेल्या माणसाला मरायची परवानगी नसते... मग हातातली कात्री तशीच ठेवली, शटर ओढलं आणि मिळेल त्या गाडीनं धुळ्याला निघाले. रस्ताभर मला एका जागी बसवत नव्हतं. मी सारखी उठून दाराकडे बघत होते आणि शेजारच्या बाईनं शेवटी विचारलं, "मावशी, तुम्हाला उतरायचंय का?"

देवपुरातल्या घरी पोचले तर मागच्या अंगणात चपलांचा ढीग पडलेला आणि माणसं फरशीवर उभी. कुणाच्या तरी हातून चहा सांडला होता आणि तो दगडावर पसरत चालला होता. मी आत जायच्या आधी तिथंच ओरडले, "पुसा तो, डाग पडेल!" माणसं माझ्याकडे बघायला लागली. बहिणीचा नवरा आत पडलाय आणि ही बाई फरशीचं काय बोलते आहे, असं त्यांना वाटलं असणार. पण भाऊजी असते तर ते हेच ओरडले असते, फक्त माझ्याहून मोठ्यानं. कुणीच पुसेना म्हणून मीच ओढणीच्या टोकानं तो चहा टिपला आणि मग आत गेले.

माझी थोरली बहीण सुमन, तिला आम्ही अक्का म्हणतो. तिचे यजमान साक्रीच्या शाळेत खेळाचे मास्तर होते. सगळा तालुका त्यांना पाटील सर म्हणायचा, मी भाऊजी म्हणायचे आणि ते मला, रागावले की, इंदूबाई. जन्मभर हा माणूस खुर्चीत बसलेला मी पाहिला नाही. जेवायला पाटावर बसले तरी एक गुडघा उभा, म्हणजे कुणी हाक मारली तर लगेच उठता यावं. लग्नात नवरदेव म्हणून स्टेजवर बसवलं होतं तेव्हाही मधेच उठून मांडवाचा कुठलासा खांब कललाय म्हणून बघायला गेले होते. आमच्या आईनं तेव्हाच कपाळावर हात मारून घेतला होता. शाळेत त्यांचं सगळ्यात आवडीचं काम म्हणजे मैदान आखणं. दोरी ताणायची, डब्यातून पांढरी फक्की टाकत मागे मागे सरकायचं आणि मग कमरेवर हात ठेवून त्या रेषेकडे बघत राहायचं. खेळ सुरू झाला की पहिल्या दहा मिनिटांत मुलं ती रेष पुसून टाकायची. भाऊजींना त्याचं काही नसे. उद्या पुन्हा आखू, म्हणायचे.

निवृत्त झाल्यावर मैदान गेलं आणि हात मोकळे पडले. अशा माणसाला मोकळे हात म्हणजे शिक्षाच. मग त्यांनी देवपुरातल्या घराचं मागचं अंगण धरलं. स्वयंपाकघराच्या दारापासून मागच्या फाटकापर्यंत शहाबादी फरशी टाकली, कडेला कढीपत्ता, जास्वंद, कोपऱ्यात कडुलिंबाचं झाड. गवंड्यानं जाताना सिमेंटचे डाग ठेवले होते. तो म्हणाला, ॲसिड मारा, साफ निघेल. अर्धं धुळं ॲसिडच मारतं आणि पुढच्या वर्षी फरशीचा चेहरा देवी आल्यासारखा खडबडीत झाला की गवंड्याला शिव्या घालतं. भाऊजींनी एका उरलेल्या तुकड्यावर थेंब टाकून बघितला. दगड फसफसला. तेव्हापासून ॲसिडची बाटली त्या घरात आली नाही. ते काथ्याचा ब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन उकिडवे बसायचे आणि डाग घासत राहायचे. बोअरच्या पाण्यानं पांढरे क्षार चढतात म्हणून शेवटचं पाणी नळाचंच पाहिजे. आणि नळाला पाणी येणार तेव्हा येणार, त्यामुळे घरातले हंडे-बादल्या भरल्या की अक्का विचारायची, हे प्यायचं की तुमच्या फरशीचं?

मी त्यांची टर उडवायची एकही संधी सोडली नाही. उन्हाळ्यात अक्का तिथं चादरी पसरून बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायची, थंडीत आम्ही सगळे भरताला जमायचो. वाळक्या तुरकाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जायची, हिरव्या मिरच्यांचा ठेचा, कळण्याच्या भाकरी. सगळे जेवणात रंगलेले आणि भाऊजी हातात चुन्याची पूड घेऊन तेलाचा थेंब कुठं पडतोय ते शोधत फिरणारे. पडला की लगेच त्यावर पूड, म्हणजे दगडानं तेल प्यायच्या आत पूड पिईल. मी मुद्दाम भाकरी त्यांच्या समोर तिरकी धरायची. "इंदूबाई, तुम्हाले ताटलीना खाली ताटली देऊ का?" असं म्हणायचे. हसायचे मात्र नाहीत, कारण तो विषय त्यांच्या दृष्टीनं हसण्यासारखा नव्हताच.

मग अक्काला कंपवात निघाला. आधी हात थरथरायला लागला, तेव्हा आम्ही म्हटलं वय झालं. नंतर पायांचं सुरू झालं. चालता चालता मधेच पाय जमिनीला चिकटायचे. मनात पुढं जायचं असायचं, अंग पुढं झुकायचं आणि पाय तिथंच. घरात तर फारच, कारण आत सगळीकडे गुळगुळीत मोठ्या टाइल्स. उंबऱ्याशी आली की थिजायची. "पाय उठस नही," एवढंच म्हणायची आणि लाजल्यासारखी हसायची. आमची अक्का ही अशी बाई की बाजारात मी तिच्या मागे धावायची. साक्रीच्या आठवडे बाजारात तिनं भाजीवाल्यांना इतकं घुमवलेलं की तिला बघून ते आधीच भाव कमी सांगायचे. तिला आता कुणीतरी दंड धरून नळाशी नेणार आणि परत आणणार... मला ते बघवायचं नाही. मी गेले की जास्तच बडबड करायचे.

तिच्याकडे एकच गोष्ट राहिली होती आणि तिनं ती घट्ट धरून ठेवली होती. रोज सकाळी फाटकाशी भाजीची गाडी यायची. अक्का स्वयंपाकघराच्या दारातून निघायची आणि कुणाचा हात न धरता फाटकापर्यंत जायची. स्वतः भाजी निवडायची, मोडून बघायची, घासाघीस करायची आणि परत यायची. कितीही वेळ लागला तरी मधे कुणी हात पुढे केलेला तिला चालत नसे. एवढी वाट ती एकटी चालते तोवर ती आजारी नाही, असा तिचा हिशेब होता. भाऊजी तिच्या मागे चार पावलांवर, हातात खराटा घेऊन, आपण झाडतोय असं दाखवत.

वृषालीचा साखरपुडा त्याच अंगणात करायचं ठरलं. वृषाली पुण्याला नोकरीला, तिला सगळं चकचकीत पाहिजे होतं. जळगावच्या एका दुकानातून तिनं सीलरचे डबे मागवले. दगडावर लावला की कायम ओल्यासारखा गडद, चमकदार दिसणार, डाग पडणार नाहीत. भाऊजींनाही हुरूप आला, कारण डाग पडणार नाहीत म्हणजे आणखी काय पाहिजे! सकाळी त्यांनी अंगण घासून धुतलं. दुपारी मे महिन्याच्या उन्हात दगड कोरडा ठणठणीत, पाय ठेवला तर भाजेल असा. डब्यावर लिहिलं होतं की फरशी पूर्ण वाळू द्या, कडक उन्हात लावू नका. मी वाचून दाखवलं. भाऊजींनी हात झटकला. "आपला धुळाना उनमा काय वाळस नही, इंदूबाई? ते पुन्यामुंबईवालासले लिखेल शे." आणि खरं सांगते, मलाही ते पटलं. आपल्याकडे अंथरूण, पापड, माणूस, सगळंच घटकाभरात वाळतं, त्यात दगडाची काय कथा? आमच्या लोकांचा इतर कशावर नसेल एवढा विश्वास उन्हावर.

पण दगड वरून वाळतो आणि आत पाणी धरून बसतो, हे आम्हाला कुठं माहीत होतं... आतलं पाणी वर यायला निघालं आणि वर सीलरचा पापुद्रा. चार-सहा दिवसांत सीलरखाली जागोजागी पांढुरके ढग दिसायला लागले. शिवाय तापलेल्या दगडावर सीलर लावल्या लावल्या वाळला, त्यामुळे ब्रशचे फराटे तसेच राहिले. साखरपुड्याच्या फोटोत सगळे छान हसताहेत आणि पायाखाली कुणीतरी दूध सांडून नीट न पुसल्यासारखं अंगण. त्याचंही काही नाही. खरी गोष्ट वेगळीच झाली होती, ती आमच्या कुणाच्या लक्षात आली नाही. सीलरच्या जाड थरानं दोन फरश्यांमधल्या फटी भरून गेल्या होत्या आणि सगळं अंगण एकच एक चकाकणारा पत्रा झालं होतं.

श्रावणातल्या एका सकाळी, फरशी नुसती दमट होती, तेवढ्यात अक्का भाजीसाठी निघाली आणि मधोमध थिजली. थिजली तेव्हा अंग पुढं गेलं आणि पाय मागं राहिले. पडली ती मनगटावर. भाऊजी चार पावलांवर होते आणि चार पावलं फार असतात. मनगट मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि म्हणाले, आता बाहेर एकटीला सोडू नका. अक्कानं ते अशा चेहऱ्यानं ऐकलं की मला वाटलं, हिला कुणीतरी जन्मठेप सांगितली. त्यानंतर ती फाटकापर्यंत गेलीच नाही. प्लास्टर निघालं तरी नाही. दारात खुर्ची टाकून बसायची आणि भाजीवाली फाटकातून ओरडायची, "काकू, काय देऊ?" तर मान फिरवायची.

मी भाऊजींना तोंडावर म्हटलं, आता लोखंडी कठडा लावून घ्या, सगळीकडे रबराची चटई टाका, फरशीचे लाड पुरे झाले. अक्का आतून म्हणाली, कठडा लावला तर मी बाहेर पाय ठेवणार नाही. हट्टाला दोघंही सारखेच. मी चिडून चाळीसगावला निघून आले आणि दोन-तीन आठवड्यांनी, राहवेना म्हणून, परत गेले.

गेले तर मागच्या दारात हा तमाशा चाललेला. अक्का अंगणाच्या मधोमध थिजून उभी, चेहरा घामानं भरलेला आणि समोर भाऊजी हातात फक्कीचा डबा घेऊन. त्या चकचकीत फरशीवर त्यांनी तिच्या पायापुढं एक पांढरी रेघ ओढली होती. "सुमन, ही रेष वलांड." अक्कानं खाली बघितलं. आणि तिचा पाय उठला! रेघ ओलांडून पलीकडे पडला. भाऊजींनी मागे सरकत दुसरी रेघ ओढली, मग तिसरी. त्या रेघांवरून माझी बहीण कुणाचाही हात न धरता दारापर्यंत चालत आली. मी ओरडले, "बायकोला खो-खो खेळवताय का?" भाऊजींनी वर बघितलं तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. "इंदू, तुन्ही बहीन चालनी व," म्हणाले. इंदूबाई नाही म्हणाले, इंदू म्हणाले. डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की काही पेशंटांना खरंच असा उपयोग होतो, समोर आडवी रेघ दिसली की थिजलेला पाय सुटतो. आमच्या मास्तरांनी तोवर अंगणभर फक्की टाकून ठेवली होती.

फक्की पायानं पुसली जायची, पाण्यानं वाहून जायची. मग त्यांच्या ध्यानात आलं की रेघा तर दगडात आधीपासूनच होत्या. दोन फरश्यांमधल्या फटीला गवंडी दरज म्हणतात. त्या दरजांवरूनच अक्का इतके दिवस पावलं टाकत होती, तिलाही नकळत, आणि आपण त्या चमकवण्याच्या नादात बुजवून टाकल्या. हे कळल्यावर तो माणूस थांबला नाही. सगळा हिवाळा त्यांनी तो सीलर उतरवण्यात घालवला. वास असा यायचा की डोकं भणभणावं. कापड भिजवून दगडावर ठेवायचं, थर फुगला की खरवडायचा, धुवायचं, पुन्हा कापड. एक फरशी झाली की दुसरी. मी म्हटलं, माणूस लावा. म्हणाले, माणूस थर काढेल, पण दरज फोडेल. हात सोलवटले होते, गुडघे सुजले होते, रात्री गुडघ्यांना तेल चोळायचं कामही ते उभ्यानंच करायचे.

एकदा मी स्वयंपाकघरातून बघितलं तर भाऊजी ओल्या फरशीवर अनवाणी, पाय फरफटत, बारीक बारीक पावलं टाकत, अंग पुढं झुकवून चालताहेत. हुबेहूब अक्कासारखे. माझं माथंच भडकलं. बाहेर जाऊन म्हटलं, आजारी माणसाच्या नकला करता, लाज नाही वाटत? तर म्हणाले, "नक्कल नही. तिना पाय कोठे सरकतस ते माले कसं समजी?" साबणाचं पाणी टाकून, शेवाळ असलेल्या कोपऱ्यात, लिंबोळ्या चुरडून त्यावरूनही ते तसेच चालून बघत होते. एकदा धपकन बसलेही. उठून त्या फरशीवर खडूनं फुली मारली आणि पुन्हा घासायला घेतली.

नंतर त्यांनी वर चमक न आणणारा, दगडाच्या आत मुरणारा सीलर शोधला. पण आता उन्हावर विश्वास नाही. धुतल्यावर दिवसचे दिवस वाट बघायची, मग फरशीवर प्लास्टिकचा कागद कडांनी चिकटवून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी उचलून बघायचं. खाली दव दिसलं तर अजून थांबायचं. वाट बघणं हे त्या माणसाला किती जड गेलं असेल, हे मलाच ठाऊक. फेऱ्या मारायचे, कागदाखाली वाकून बघायचे, पुन्हा फेऱ्या. सीलर लावायचा तोही सकाळी सावलीत. आणि दरजा मात्र मोकळ्या ठेवून, त्यात क्रशरची बारीक काळी कच, थोडं सिमेंट आणि काळा रंग मिसळून, बोटाएवढी खाच ठेवून भरायच्या. म्हणजे फरशी फिकी आणि रेघ काळी. पावसाळ्याच्या आधी दरवर्षी जुनी कच उकरून नवी भरायची, दारापासून सुरू करून फाटकापर्यंत. दरजेत गवताचं पातं दिसलं तरी जुन्या सुरीनं मुळासकट काढायचे. शेजारी म्हणायचे, सरांना फरशीचं वेड लागलंय. त्यांना काय सांगायचं? दुसऱ्या उन्हाळ्यात अक्का पुन्हा फाटकाशी उभी राहून भाजीवालीशी भांडायला लागली.

वृषालीला आई-बापाची काळजी होती, नाही असं नाही. ती दोघांना एकदा पुण्याला घेऊन गेली. फ्लॅटच्या टाइल्सवर तिनं सगळीकडे काळ्या चिकटपट्ट्या लावून ठेवल्या होत्या. अक्का त्यावरून चालली, अगदी व्यवस्थित. आठ दिवसांनी परत आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? तर म्हणाली, "पट्ट्या बठ्ठा घरमा शेत. पन जाऊ कोठे?" त्या दिवसापासून पुण्याचा विषय निघाला की भाऊजी उठून बाहेर जायचे. आमचं शेवटचं भांडणही त्यावरच झालं. मी फोनवर म्हणाले होते, तुमचंही वय झालं, उद्या तुम्हाला काही झालं तर ही फरशी कोण बघणार? "मी असताना दुसरा कोनी कसाले?" असं म्हणाले आणि फोन ठेवला... मीही मग केला नाही. उद्या करू म्हटलं.

गेले त्या दिवशी ते सकाळी अंगणात काम करून आत आले, हातपाय धुतले, पाणी प्याले आणि अक्काला म्हणाले, जरा आडवा होतो. अक्का म्हणते, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं, हा माणूस दिवसा आडवा कधी होतो?

तेरावं झालं, पाहुणे गेले. वृषालीनं रजा वाढवली, मग तीही संपली. ठरलं असं की मी महिनाभर अक्काजवळ राहायचं आणि मग तिला पुण्याला पोचवायचं. अक्कानं होही म्हटलं नाही, नाहीही नाही. मला इथं एका जागी बसवत नाही. हे लिहितानाही सारखी उठते, बाहेर जाते, लिंबोळ्या गोळा करते, परत येते, काय लिहिलं ते वाचते आणि पुन्हा उठते. त्यांचा चळवळेपणा मला लागला की काय कोण जाणे. घरात कुणी खराटा ओढत नाही, याचाच आवाज मोठा येतो.

पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं होतं की यंदाच्या दरजा अर्ध्यावरच आहेत. दारापासून कढीपत्त्याच्या झाडापर्यंत काळ्याभोर, सरळ, खाच ठेवून भरलेल्या. तिथून पुढे जुनी कच उकरलेली आणि दरजा रिकाम्या. शेवटच्या भरलेल्या दरजेच्या टोकाला त्यांच्या बोटाचा ठसा होता, वाळलेला. तिथंच कचेची पाटी आणि छोटी थापी पडलेली. मी कामवालीला सांगितलं, इथं हात लावायचा नाही. पाऊस आला तेव्हा मी धावत जाऊन त्यावर प्लास्टिक टाकलं, कडेला विटा ठेवल्या. रिकाम्या दरजांत माती भरली, गवत उगवलं, रेघा दिसेनाशा झाल्या. मी ते गवतही काढलं नाही. जिथं त्यांचा हात थांबला ती जागा तशीच राहावी, एवढंच मला वाटत होतं.

अक्का रोज सकाळी निघायची. एक दरज, दुसरी दरज, कढीपत्त्यापर्यंत जायची आणि तिथं थांबायची. बराच वेळ उभी राहायची, मग वळून परत यायची. फाटकाशी भाजी मी घ्यायची आणि मी आणलेली गिलकी बघून ती नाक मुरडायची. मला वाटायचं, ती त्यांच्याजवळ उभी राहते. म्हणून मी ती तिथं पोचली की मुद्दाम आत निघून जायची. तिचं दुःख तिला एकटीला असू दे.

पंधरा-वीस दिवसांपूर्वी तिनं तिथूनच हाक मारली. "इंदू, अठे ये."

मी धावले. म्हटलं, काय झालं?

"मी काय रोज अठेच उभी ऱ्हासू का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती त्यांच्यासाठी थांबत नव्हती. तिचे पाय थिजत होते. इतके दिवस, रोज, गवतानं बुजलेल्या त्या फरशीपुढं ती पुढं जायला निघत होती आणि जाता येत नव्हतं म्हणून परत फिरत होती. आणि मी तिला एकांत देत होते! मी तरी चाचरत म्हटलं, "अगं अक्का, इथं भाऊजींचा हात थांबलाय... असू दे ना तसंच."

अक्कानं माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा शाळेतली झाले. "त्यासना हात थांबी गया," ती म्हणाली. "मन्हा पाय नही थांबनात अजून. माले फाटकपावत जानं शे. भरी टाक ती दरज."

मी विटा उचलल्या, प्लास्टिक काढलं. उघडीप होती, पण मी घाई केली नाही. गवत मुळासकट काढलं, माती उकरली, दगड वाळू दिला, कागद चिकटवून बघितला, दव दिसलं, पुन्हा थांबले. अक्का खुर्चीत बसून सूचना देत होती आणि प्रत्येक सूचना माझ्या कामाची नालस्ती होती. त्यांच्याच पाटीतली कच घेतली, नवी कालवली आणि बोटानं भरत गेले. जन्मभर मी सरळ शिलाई मारून पोट भरलं, पण दरज काही सरळ येईना. कुठं कच फरशीवर सांडली, कुठं खाच खोल, कुठं उथळ. गुडघ्यांनी दुसऱ्याच दिवशी संप केला. फाटकापर्यंत पोचायला आठवडा गेला.

आज सकाळी भाजीवालीची हाक आली आणि अक्का निघाली. मी मागे चार पावलांवर. कढीपत्त्यापाशी ती थांबली. तिनं खाली बघितलं, माझी पहिली वाकडी रेघ नीट न्याहाळली, "काय मेलं हे," असं काहीतरी पुटपुटली आणि पाय उचलून पलीकडे टाकला. मग पुढची. मग पुढची. फाटकाशी पोचून तिनं कडी काढली, गिलकं मोडून बघितलं आणि भाजीवालीला म्हणाली, काल इंदूला दिलेली ती गिलकी तू तुझ्या घरी नेशील का?

मी मागेच उभी होते. दारापासून झाडापर्यंतच्या रेघा त्यांच्या, झाडापासून फाटकापर्यंतच्या माझ्या, आंधळ्यालाही फरक कळावा. अक्कानं मागे न बघता ओरडून पिशवी मागितली, विसरली होती. मी आत गेले, पिशवी घेतली आणि निघाले. त्यांच्या बोटाचा ठसा असलेल्या त्या शेवटच्या दरजेपाशी आल्यावर माझेच पाय थांबले. पुढं जाववेना. फाटकाशी अक्का भाव पाडत होती.

"इंदू, ये ना व लवकर!"

मी खाली बघितलं आणि रेघ ओलांडली.